न वाचलेलं वाक्य

पडद्यावरच्या सरदारीणबाईंनी तोंड उघडलं आणि आदेलाचा नवरा बोलला, "मी दमले."

हातातला पोंचकी तिनं नुकताच अर्धा खाल्ला होता. उपासाचे दिवस लागण्याआधीचा तो लठ्ठ गुरुवार. सगळं वॉर्सा सकाळपासून मिठाईवाल्यांच्या दारात रांगा लावून हे गुलाबाच्या मुरंब्याचे तळलेले गोळे खात होतं, आणि वस्तीच्या सांस्कृतिक केंद्रातल्या ज्येष्ठांच्या सिनेमा मंडळानंही रीत सोडली नव्हती. मुरंबा तिच्या मनगटावर ओघळला. तिनं तो पुसला नाही. तोंडातला घास गिळावा की नाही हेही तिला सुचेना, कारण गिळताना कानात आवाज होतो, आणि त्या आवाजात एखादा शब्द हुकला तर? "चार तास पावसात बसून आले," नवरा म्हणाला. "घोडेसुद्धा माझ्यापेक्षा सुखी असतील." सरदारीणबाईंनी ओली टोपी काढून खुर्चीवर फेकली. समोरच्या रांगेत कुणीतरी खोकलं आणि आदेलाला त्या खोकणाऱ्याचा इतका राग आला की तिचा तिलाच अचंबा वाटला. सेवेरिन, ती मनात म्हणाली. अरे देवा, सेवेरिन.

यात बाकी कुणाला काही नवल वाटत नव्हतं. परदेशी सिनेमा टीव्हीवर असाच बघायची इथे सवय: मूळ नटनट्या खाली आपापल्या भाषेत कुजबुजत राहतात आणि वरून एकटा लेक्तोर सगळ्यांची वाक्यं पोलिशमध्ये वाचत जातो. राजाची तोच, राणीची तोच, फाशी जाणाऱ्याची तोच आणि फाशी देणाऱ्याचीही तोच. एकच पुरुषी आवाज, एकच पट्टी. रडायचं नाही, हसायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. "मी आले", "मी फसले", "मी तुमच्या बाळाची आई होणार आहे", असली वाक्यं सेवेरिननं जन्मभर मिशा राखून वाचली. एकदा कामावरून येऊन बूट काढता काढता तो "आज फार दमले गं" असं म्हणून गेला होता, आणि लहानग्या इगानं, त्यांच्या मुलीनं, चित्र रंगवताना मान वर करूनही पाहिलं नव्हतं. तिच्या लेखी बाबा कुणीही असू शकत होते. इगाला तर बरीच वर्षं वाटायचं की परदेशात माणसं बोलायला लागली की वरून बाबांचा आवाज येतोच. मोठी होऊन ती आयर्लंडला नोकरीला गेली तेव्हा पहिल्याच फोनवर म्हणाली, "आई, इथे सगळे बोलतात गं, पण वरून कुणी वाचतच नाही. फार एकटं वाटतं." तेव्हा तिघंही पोट धरून हसली होती. हल्ली ते आठवलं की आदेलाला हसू येत नाही. हल्ली त्यांच्या घरातही वरून कुणी वाचत नाही.

तीन वर्षांपूर्वी सेवेरिनच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, हे काय थोडं आहे, असं तिला सगळ्यांनी सांगितलं आणि तिनंही सगळ्यांना सांगितलं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर तो रेशमी रुमाल बांधतो, आणि खरं सांगायचं तर तो रुमाल त्याला शोभतो. हॉस्पिटलनं एक यंत्र दिलं. दाढीच्या मशीनएवढं, गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग शब्द बाहेर पडतात, एकाच गुणगुणत्या सुरात. सेवेरिननं ते नर्ससमोर लावलं, स्वतःचं नाव उच्चारलं, ऐकलं, आणि यंत्र परत खोक्यात ठेवून आदेलाकडे बघत नुसत्या ओठांनी म्हणाला, "डबा बोलतोय." ते खोकं तेव्हापासून भांड्यांच्या कपाटाच्या खणात पडून होतं. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई प्रत्येक भेटीत सांगायच्या, "आदेलाबाई, ओठांची सवय एकदा गेली ना, की मग यंत्रही काही करू शकणार नाही. त्यांना बोलतं करा. कसंही करून." कसंही करून! सांगायला काय जातंय. तिनं भांडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, मुद्दाम लढायांच्या चुकीच्या तारखा सांगून पाहिल्या, कारण चुकीची तारीख त्याला सोसत नाही. तो ग्लासावर चमचा वाजवायचा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. सुरुवातीला ओठ तरी हलवायचा आणि ती वाचायची. मग तेही कमी झालं. इगाचा फोन आला की तो रिसीव्हर कानाला लावून ऐकायचा आणि नखानं टकटक करायचा. इगाचे फोनही मग आखूड झाले. टकटकीशी माणूस किती बोलणार. आदेलाला त्याचा जुना आवाज परत नको होता, ती काही वेडी नव्हती. तिला त्याचं बोलणं हवं होतं. डबा तर डबा. एक दिवस हा माणूस पुरता आत निघून जाईल आणि आपल्याकडे एक सभ्य, अबोल भाडेकरू राहायला असेल, या भीतीनं ती पहाटे जागी व्हायची आणि त्याच्या श्वासाची शिट्टी ऐकत पडून राहायची.

आणि आता हा आवाज. अंधारात, लोखंडी खुर्च्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावरून. लोंबार्डीतल्या एका सरदार घराण्याची ती जुनी इटालियन मालिका. टीव्हीवर लागायची तेव्हा रस्ते ओस पडायचे. होनोराताबाईंनी, मंडळ चालवणाऱ्या निवृत्त इतिहास शिक्षिकेनं, सुरुवातीलाच सांगितलं होतं की जुनी टीव्हीची प्रत मिळाली आहे, आवाज खरखरतो, सांभाळून घ्या. खरखर कसली! आदेलाला त्या आवाजाखालची खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती, पान उलटल्याचा आवाज तर स्वच्छ. तो कसा बसायचा ते तिला माहीत होतं. एका कानाला मूळ आवाज, दुसरा कान मोकळा, बोट ओळीवर. "अर्धा श्वास मागे राहायचं," तो इगाला शिकवायचा. "आधी त्या बिचाऱ्या नटाला तोंड उघडू द्यायचं. त्याचा सूर लोकांच्या कानी पडला की मग आपण हळूच जायचं आणि त्याच्या आधी बाहेर पडायचं. आपण आलो होतो हे कुणाला कळता कामा नये." चांगल्या लेक्तोरबद्दल कुणी बोलत नाही, हे त्याचं ब्रीद. आदेला तेव्हा औषधाच्या दुकानात संध्याकाळच्या पाळीला असायची, त्यामुळे त्याच्या मालिका तिला क्वचितच दिसायच्या. पण दुसऱ्या दिवशी काउंटरवर अख्खी वस्ती आपली मतं ओतून जायची. खोकल्याचं औषध बांधून घेता घेता बायका सांगायच्या की राणी फार सुजली आहे, की तो फ्रेंच दिवाण नक्की दगा देणार, की असली झालर आपल्याकडे कुठल्या बाजारात मिळेल. ती सगळी मतं आदेला घरी न्यायची. सेवेरिन सूप पुढ्यात घेऊन बसायचा आणि शेवटी, चमचा हवेत धरून, विचारायचा, "आणि माझ्याबद्दल कुणी काही बोललं?" "नाही." "छान," तो म्हणायचा, आणि मग समाधानानं जेवायचा. असं जगावेगळं कौतुक मागणारा नवरा तिनं दुसरा पाहिला नव्हता.

एकदाच ते उत्तर वेगळं निघालं होतं. एकदाच लोक काउंटरवर येऊन हसले होते: "बाई, काल तुमचे साहेब झोपले की काय? वाक्यच गाळलं त्यांनी!" हीच मालिका होती. टीव्हीच्या कचेरीत तक्रारीची पत्रं गेली, सेवेरिनला बोलावून समज दिली गेली, आणि पुढची मोठी मालिका दुसऱ्याला मिळाली. तिनं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "राहून गेलं." तिनंही जास्त चौकशी केली नव्हती, कारण त्या दिवसांत दोघांचं बोलणं बेतास बात होतं. कोणतं वाक्य, हे तिला कधी कळलंच नव्हतं. ते आता तिच्यासमोर चालत येत होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

वनवासातून परत आलेला सरदार दारात उभा होता. बायको, तीच ती पावसात भिजलेली, पाठमोरी उभी राहून त्याच्या जुन्या सदऱ्याची घडी घालत होती. आणि त्या सदऱ्यामुळे आदेलाला एकदम कळलं की पुढे काय आहे. हा प्रसंग तिनं पाहिला नव्हता, पण ऐकला होता, स्वतःच्या स्वयंपाकघरात. ती कोबी चिरत होती, मागे टेबलाशी सेवेरिन उद्याच्या मजकुरावर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा करत पुटपुटत होता. "तो सदरा फाटला आहे. असू दे. माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता झोप." हे सगळं एका दमात, एका पट्टीत, उद्या उत्तरेकडून वारे वाहतील अशा सुरात. आणि कोण जाणे काय झालं, कदाचित त्या दिवशी पाय दुखत होते, कदाचित इगाला ताप होता, तिनं सुरी खाली ठेवली आणि वळून म्हणाली, "हे वाक्य तू अख्ख्या युरोपाला म्हणून झालास. इंग्लंडच्या राण्यांना म्हणालास, फ्रेंच कारकुनांना म्हणालास. मला कधी म्हणालास रे?" तो गोंधळून बघत राहिला. "आता हे काय मध्येच?" "मध्येच नाही. मागणी घालतानासुद्धा तू म्हणालास की आपण विचार करायला हरकत नसावी. हरकत नसावी! मी काय पाणीपुरवठ्याची योजना होते?" मग शब्दाला शब्द लागला, आणि रात्री तो स्वयंपाकघरातल्या घडीच्या खाटेवर झोपला. सकाळी मजकुराची पानं काखेत मारून निघून गेला.

"तो सदरा फाटला आहे," सेवेरिनचा आवाज अंधारात म्हणाला. बायको काहीतरी बोलली. "असू दे," सेवेरिन म्हणाला. आदेलानं खुर्चीची कड धरली. सरदारानं ओठ उघडले आणि पाठमोऱ्या बाईला खाली, इटालियनमध्ये, ते सांगितलं. वरून कुणी काही वाचलं नाही. अर्धा श्वास गेला, पूर्ण श्वास गेला. खुर्ची कुरकुरली नाही, पान उलटलं नाही. त्या इटालियन नटाचा खर्जातला, थोडा फाटलेला आवाज सभागृहात एकटाच फिरून आला, जणू इतकी वर्षं कुणीतरी त्याच्यावर बसलेलं होतं आणि आता ते उठलं होतं. बायकोचे हात सदऱ्यावर थांबले. मग सेवेरिन म्हणाला, "आता झोप." आदेलाच्या डोळ्यांना धार लागली आणि तिला कळेना की हे रडू कशाचं आहे. कारण पहिला विचार जो आला तो गोड नव्हता. पहिला विचार आला की यानं सूड उगवला. मला म्हणत नाहीस म्हणालीस ना, मग घे, आता युरोपालाही म्हणत नाही. तो तसा होता. रागावला की दार आपटायचा नाही, एखादी गोष्ट करायचीच सोडून द्यायचा. आता या घडीलाही तो तेच करत नव्हता का? डॉक्टरांवर, घशावर, देवावर रागावून त्यानं बोलायचं सोडून दिलं होतं.

दिवे लागले. मंडळाचा नियम असा की मत दिल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, आणि मत नसलं तर बनवून द्यायचं. ट्राम डेपोतले निवृत्त इंजिनिअर कॉर्नेल नेहमीप्रमाणे आधीच उभे होते.

"घोड्याची रिकीब चुकीची आहे," ते म्हणाले. "भिंतीवर टांगलेली. असली रिकीब पन्नास वर्षांनी आली. पण ते जाऊ द्या, इटालियन लोकांकडून काय अपेक्षा करायची. माझा आक्षेप लेक्तोरवर आहे. ऐन मोक्याच्या जागी गडी झोपला! मी तेव्हाही पत्र लिहिलं होतं. मला इटालियन येत नाही, मग मला कळणार कसं तो काय म्हणाला?"

"तुम्हाला खरंच कळलं नाही?" फेलित्सियाबाईंनी विचारलं. त्या दाताच्या डॉक्टर होत्या आणि आतापर्यंत त्यांचं मत फक्त नटांच्या दातांवर असायचं.

"अंदाज केला. पण मी अंदाजाचे पैसे भरत नाही."

"कॉर्नेल साहेब, माणूस बायकोच्या पाठीकडे बघून असं काय म्हणेल? सूपात मीठ कमी आहे?" सगळे हसले. "मला तर ती जागा तेव्हापासून लक्षात आहे. आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघत होतो, वीस माणसं एका खोलीत. तो थांबला आणि सगळी खोली गप्प झाली. माझे यजमान तोवर सफरचंद खात होते, त्यांनीसुद्धा चावायचं थांबवलं. नंतर जिन्यात त्यांनी माझा हात धरला. एकोणीस वर्षांत धरला नव्हता हो. त्या लेक्तोरचं मी त्या दिवसापासून देणं लागते."

"झोपलेल्या माणसाचं देणं!" कॉर्नेल म्हणाले.

"आणि त्या सरदारीणबाईंचे दात फारच पांढरे आहेत, ते मात्र आपल्याला पटलं नाही," फेलित्सियाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

होनोराताबाई आदेलाकडे वळल्या. आदेला उठली. तिला सांगायचं होतं की तो माझा नवरा आहे; आत्ता इथून ट्रामचे दोन थांबे सोडून खिडकीशी बसला आहे आणि कुणाशी बोलत नाही. पण लेक्तोरची बायकोही कुणाला ऐकू येऊ नये, अशी इतक्या वर्षांची सवय तिला लागली होती. "घोडे छान होते," ती म्हणाली.

"आदेलाबाई, या भागात घोडे नव्हतेच," होनोराताबाई हळूच म्हणाल्या. "नुसता उल्लेख होता."

"हो का," आदेला म्हणाली. "मला दिसल्यासारखे वाटले."

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. ट्रामनं जायच्याऐवजी ती चालत निघाली, हातात कागदी पिशवी, पिशवीत सेवेरिनसाठी दोन पोंचकी. फूटपाथवरचा चिखल बुटांत शिरत होता आणि तिला ते कळत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी पायांबद्दल कळावं तसं. सांगायचं की नाही? जुना आवाज सभागृहात फिरतो आहे हे ऐकून तो आणखी मिटला तर? एखाद्या लंगड्याला त्याच्या जुन्या शर्यतीचा फोटो दाखवावा तसलं काही होणार नाही ना? आणि न सांगावं, तर आजही सूप पुढ्यात ठेवून ती हवामानाबद्दल बोलणार, तो एकदा चमचा वाजवणार, आणि एवढ्यावर संध्याकाळ संपणार. पण त्याहून आत काहीतरी टोचत होतं आणि ते तिला स्वतःशी नीट कबूल करायला कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत वेळ लागला. तिला विचारायचं होतं. सूड होता का, हे तिला त्याच्या तोंडून हवं होतं. एवढ्या वर्षांनंतर, सगळं झाल्यावर, गळ्याला भोक पडल्यावर. बायकांचा जीव असा चिवट असतो, नको तिथे. फेलित्सियाबाईंचा हात धरला गेला, वीस माणसांची खोली गप्प झाली, सगळ्या पोलंडला ते वाक्य मिळालं, आणि ज्या बाईवरून हे रामायण झालं ती त्या संध्याकाळी खोकल्याची औषधं बांधत होती. तिला हसू आलं. समोरून येणाऱ्या कुत्रेवाल्या गृहस्थानं टोपीला हात लावला. त्याला वाटलं ती त्याच्याकडे बघून हसली.

सेवेरिननं दार उघडलं, पिशवी घेतली, तिच्या बुटांकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. चप्पल आणून पुढ्यात ठेवली. एवढं सगळं करतो हा माणूस, ती मनात म्हणाली, आणि एक शब्द म्हणून नाही. तिनं बीटाचं सूप गरम केलं. पोंचकी बशीत ठेवले. मग समोर बसली आणि औषधाच्या दुकानातून यायची तेव्हा ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात सुरू झाली.

"आज मंडळात मालिका लावली. जुनी. कॉर्नेलना रिकीब पसंत पडली नाही, पन्नास वर्षं आधीच आली म्हणे. फेलित्सियाबाईंना सरदारीणबाईंचे दात खोटे वाटले. होनोराताबाईंचं म्हणणं, आपल्याकडे असली मालिका निघाली असती तर सरदार तिसऱ्याच भागात उठाव करून मेला असता."

सेवेरिनच्या मिशा थोड्या हलल्या. तो पोंचकी चिमटीत धरून होता. आणि मग त्यानं ओठ हलवले, किती दिवसांनी! तिनं वाचलं. आणि माझ्याबद्दल? सवयीनं निघालं असावं, कारण त्याला कुठे माहीत होतं की कोणती मालिका. इतकी वर्षं तिनं या प्रश्नाला नाही म्हटलं होतं. आताही म्हटलं असतं तर तो समाधानानं जेवला असता.

"हो," ती म्हणाली. "बोलले. लोंबार्डीवाली मालिका होती, सेवेक. तुझा आवाज होता. मी ऐकला." तिचं नाक भरून आलं, ते तिनं पुसलं आणि थांबली नाही, थांबली असती तर पुढचं आलंच नसतं. "तो सदऱ्याचा प्रसंग होता. कॉर्नेल म्हणतात, ऐन मोक्याच्या जागी लेक्तोर झोपला. म्हणतात, मी तेव्हाही पत्र लिहिलं होतं."

त्याचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग रुमालापासून वर चढत लाल झाला. त्यानं पोंचकी खाली ठेवला. चमचा उचलला, ग्लासावर दोनदा वाजवला. पुन्हा दोनदा. पुन्हा. ग्लास फुटेल की काय असं तिला वाटलं. "नाही काय?" ती म्हणाली. "मला काय कळणार तुझ्या टणटणीतून? मलाही तेव्हा लोकांनी हेच सांगितलं. झोपला, नाहीतर..." सूड हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिनं तो बाहेर येऊ दिला. "नाहीतर माझ्यावर सूड घेतलास."

सेवेरिन उठला. आदेलाला वाटलं, झालं, आता खिडकीशी जाईल. तो भांड्यांच्या कपाटाकडे गेला, खण उघडला, खोकं काढलं, आणि यंत्राचा हिरवा दिवा लगेच लागला. तीन वर्षं खणात पडलेल्या यंत्राची बॅटरी भरलेली कशी, हा प्रश्न तिच्या डोक्यात येऊन गेला आणि त्याचं उत्तरही आलं: गुरुवारी दुपारी ती मंडळात असते आणि घरी हा एकटा. पण त्यावर विचार करायला सवड नव्हती. त्यानं रुमालाची गाठ बाजूला सारली, यंत्र गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं. घरात गुणगुण भरली.

"झो-प-लो नव्ह-तो."

"काय?" तिला खरंच पहिल्यांदा कळलं नाही. "परत सांग."

"झोपलो नव्हतो." डबाच बोलत होता, काही म्हणा. माशी काचेत अडकावी तसा तो सूर. "चाळीस वर्षांत. एकदाही. नाही."

"मग काय करत होतास?"

त्यानं यंत्र खाली घेतलं, श्वास घेतला, पुन्हा टेकवलं. "ऐकत होतो."

"काय ऐकत होतास?"

"तो. कसं म्हणतो. ते. त्याला येत होतं म्हणायला." एकेक शब्द तो खाली ठेवत होता, पायरीवर पाय ठेवावा तसा. "म्हटलं, शिकू. घरी जाऊन म्हणू."

आदेलाच्या हातातला टेबलक्लॉथ मुठीत गोळा झाला होता. "मग म्हणाला का नाहीस रे, गाढवा?"

"जिन्यात म्हणून पाहिलं. खालच्या मजल्यापासून. हवामानासारखं. येत होतं. वरच्या मजल्यावर. जरा बरं. जमत आलं होतं." गुणगुण थांबली, परत सुरू झाली. "तू दार उघडलंस."

आणि तिला आठवलं. इतकी वर्षं मागमूस नसलेलं ते एकदम समोर उभं राहिलं: जिन्यातला अंधार, कोटावर बर्फ, काखेत कागद, उघडं तोंड. ओठ एखादा शब्द धरून तसेच थांबलेले. आणि ती स्वतः, कमरेवर हात. "जिन्यात कोणाशी बडबडत होतास?" ती म्हणाली होती. "पिऊन आलास का?" आणि तो तोंड मिटून आत आला होता, बूट काढले होते, आणि त्या विषयावर जन्मात काही बोलला नव्हता.

ती हसत होती की रडत होती ते तिला सांगता आलं नसतं. दोन्ही एकदम येत होतं आणि सूप गार होत होतं. "आता म्हण," ती म्हणाली.

सेवेरिननं हातातल्या यंत्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "यातून?"

"यातूनच. मी कुठे दार उघडायला चालले आहे."

त्यानं यंत्र गळ्याला लावलं. बराच वेळ नुसती गुणगुणच होती, कारण बटण दाबलेलं होतं आणि ओठ हलत नव्हते. मग हलले. चार शब्द, एकाच सुरात, चढ नाही उतार नाही, उत्तरेकडून वारे वाहतील, तुरळक हिमवर्षाव होईल. मान वाकडी करून, मिशांना साखर लागलेली, कानापर्यंत लाल झालेला तो माणूस ते शब्द शेवटपर्यंत घेऊन गेला आणि बटण सोडलं.

आदेलाला स्वच्छ ऐकू आलं होतं.

"नाही कळलं," ती म्हणाली. "परत म्हण."